पान उलटताना राहिलेले ऋणचिन्ह

सचोटीचे दोन प्रकार संभवतात. पहिली जगाच्या देखरेखीखाली वाढते. तराजू खोटा निघाला की गिऱ्हाईक भांडायला येते, पूल कच्चा बांधला की तो खचतो, औषध चुकले की रोगी उठत नाही. या साऱ्या धाकात माणूस नीट वागायला शिकतो. तिला कमी लेखण्याचे कारण नाही, बहुतेक जगरहाटी तिच्यावरच चालते. दुसरी मात्र विरळा. तिला तपासनीस नसतो, आणि चूक झाली तरी ती ओरडून सांगणारे काही घडत नाही. तिथे असत्य पचते, आणि ते पचले हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा निर्जन जागी जो खरे बोलतो त्याचे बोलणे ऐकायलाही बहुधा कुणी नसते.

बाईंची सचोटी या दुसऱ्या जातीची होती. विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सर्वांत दूरच्या खोलीत त्यांनी बत्तीस वर्षे काम केले. खोलीला एकच खिडकी. तिच्यातून समोरची भिंत आणि भिंतीवरचा पाण्याचा नळ दिसे. फळ्याचा खालचा तिसरा हिस्सा पुसून पुसून करडा झाला होता. पाहुण्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर नियतकालिकांचा ढीग असे, आणि तो उचलून ठेवण्याची वेळ वर्षातून चारदोनदाच येई. विभागात त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘तंतूबाई’. एकदा त्यांच्या टपालाच्या कप्प्यावर कुणीतरी हे पाठीमागचे नाव खडूने लिहून ठेवले. बाईंनी ते पुसले नाही. त्यातला दीर्घ ‘तू’ ऱ्हस्व केला आणि टपाल घेऊन वर गेल्या.

नाव पडले ते विषयावरून. तंतुसिद्धांत हा त्यांचा विषय. तो सांगतो असे: पदार्थ फोडत फोडत अगदी तळाशी गेलो तर तिथे कण सापडत नाही, एक अतिसूक्ष्म तंतू सापडतो. तो कंप पावत असतो, आणि कंपनाची तऱ्हा बदलली की आपल्याला निराळा कण भासतो. विश्वातले सारे वैविध्य एकाच वस्तूच्या थरथरण्यातून निघते, ही कल्पना ऐकून तरुण मन हरखावे यात नवल नाही. बाईंना मात्र मोहात पाडले ते त्यापुढच्या गोष्टीने. या कंपनांची यादी करू लागले की तीत एक कंपन न मागता येऊन बसते, आणि ते गुरुत्वाकर्षणाचे असते. अणूचे शास्त्र आणि ग्रहगोलांचे शास्त्र ही दोन घराणी कित्येक दशके एकमेकांचे तोंड पाहत नव्हती. मध्यस्थी करायला कुणी गेलेले नसताना त्यांचा समेट इथे झालेला दिसत होता.

“आपण ते आत घातलं नव्हतं, तरी बाहेर आलं,” बाईंचे मार्गदर्शक म्हणत. सारा विभाग त्यांना नुसते ‘सर’ म्हणे. “म्हणजे ते आत होतंच.”

या वचनाला एक अट जोडलेली होती. लांबी, रुंदी, उंची आणि काळ एवढ्या चार मितींत हे गणित जुळत नाही, दहा लागतात. उरलेल्या सहा कुठे आहेत? अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी त्या इतक्या लहान घडीत दुमडून बसल्या आहेत की कोणत्याही यंत्राला दिसू नयेत, हे त्याचे उत्तर. आणि ती घडी कशी पडली आहे यावर जगात कोणते कण असावेत हे ठरते. आता, निसर्गात द्रव्यकणांची कुटुंबे आहेत तीन. त्यांतल्या पहिल्यावर आपले सारे भागते: दगड, पाणी, हाडे, सूर्य. बाकीची दोन कशासाठी आहेत हे आजही कुणाला सांगता येत नाही. ज्या घडीतून बरोबर तीन कुटुंबे निघतील अशी घडी सापडली तर त्या ‘तीन’ला प्रथमच काही कारण मिळेल, अशी आशा त्या काळी जगभरच्या शेकडो तरुणांना लागली होती. बाई त्यांपैकी एक होत्या, वय अठ्ठावीस.

सरांच्या हाताखाली काम करण्याचा एक दंडक होता. कोणतीही गणना दोन वह्यांत व्हायची. एक वही सरांची, एक बाईंची. गणना चालू असताना त्या विषयावर एकमेकांशी बोलायचे नाही, दुसऱ्याच्या वहीत डोकवायचे नाही. उत्तर निघाले की वह्या टेबलावर शेजारीशेजारी उघडायच्या. जुळले तर दोघांनी पानाच्या तळाशी आद्याक्षरे करायची. न जुळले तर दोघांनीही पहिल्या ओळीपासून नव्याने करायचे, चूक कुणाची हे विचारायचे नाही. सर म्हणत, “प्रयोगवाल्यांना निसर्ग दरडावतो. आपल्याला दरडावणारं कुणी नाही, म्हणून आपणच एकमेकांचा निसर्ग व्हायचं.” बाहेरचे लोक या शिस्तीची थट्टा करीत. एक गणित दोनदा करायचे म्हणजे एका जेवणाला दोनदा चूल पेटवायची, असे कुणीतरी म्हणाले होते. सरांनी ऐकून घेतले आणि दंडक चालू ठेवला.

तीन वर्षांनी त्यांना एक घडी सापडली. प्रत्येक घडीपासून एक पूर्णांक काढता येतो, आणि त्याच्या निम्मी कुटुंबे त्या जगात असतात. यांच्या घडीचा पूर्णांक चोपन्न होता. म्हणजे कुटुंबे सत्तावीस, अगदीच अवाढव्य. पण ती घडी स्वतःवरच नऊ प्रकारे फिरवता येत होती, आणि त्या फिरवण्यांत तिचा एकही बिंदू जागच्या जागी राहत नसेल तर चोपन्नाला नऊने भागण्याची मुभा होती. भागाकार सहा, सहाचे निम्मे तीन. सारे काही त्या ‘एकही बिंदू’वर अडलेले. नवांतली एक म्हणजे मुळीच न फिरवणे; उरलेल्या आठ जोडीजोडीने येत असल्याने चार तपासल्या की काम होणार होते.

पहिल्या तीन दोन्ही वह्यांत जुळल्या. चौथीच्या आठवड्यात सरांच्या पत्नीला अचानक रुग्णालयात न्यावे लागले. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. सर तिथूनच ये-जा करीत. बाईंनी आपली गणना संपवली, वही टेबलावर ठेवली आणि चार दिवसांसाठी आईकडे गेल्या. परतल्या तेव्हा दोन्ही वह्या शेजारीशेजारी उघड्या होत्या, उत्तरे जुळली होती आणि तळाशी सरांचे आद्याक्षर होते. बाईंनी खाली आपले केले.

निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक वाक्य होते: ‘चारही फिरवण्यांची गणना दोन्ही लेखकांनी स्वतंत्रपणे केली असून निष्कर्ष एकच आहे.’ पत्रे आली, आमंत्रणे आली; ज्यांची नावे बाईंनी फक्त मुखपृष्ठांवर वाचली होती अशा माणसांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरले. त्या निबंधावरच त्यांची नेमणूक झाली, ती खोलीही त्यावरच मिळाली.

पुढे जे झाले ते एकट्या बाईंचे झाले नाही, साऱ्या विषयाचेच झाले. एकच घडी निघावी अशी अपेक्षा होती. घड्या निघू लागल्या त्या मोजता येईनात. एकावर पाचशे शून्ये, असा अंदाज कुणीतरी मांडला. एवढ्या शक्य जगांतून आपलेच का, हे सांगता येत नसेल तर सिद्धांताने सांगितले तरी काय, असे लोक विचारू लागले. तंतू दिसावा एवढी शक्ती असणारे यंत्र पृथ्वीवर मावणार नाही, हे आधीपासूनच ठाऊक होते. निदान त्याच्या सोबतीचे म्हणून जे कण दिसतील अशी आशा होती, तेही कणांच्या टकरी घडवणारे महायंत्र सुरू होऊन वर्षे लोटली तरी दिसले नाहीत. सिद्धांत खोटा ठरला, असे मात्र कुणालाच म्हणता येईना. खोटा ठरण्यासाठीही कुठेतरी पकडीत यावे लागते. जो खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही अशा सिद्धांताजवळ माणसे किती वर्षे बसणार? बाईंचा एक सहकारी विमा कंपनीत गेला, एक हवामानखात्यात. सर वारले. त्यांच्या पत्नीने सरांची वही बाईंकडे आणून दिली.

गुरुवारची चर्चासभा तेवढी राहिली. तिच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरची खोली तीन वाजता राखून ठेवलेली असे. आधी बारा माणसे येत, मग पाच, मग दोन. शेवटची काही वर्षे कुणीच येत नसे. बाई वेळेवर जात, फळा पुसत आणि तासभर मांडणी करीत. एका गुरुवारी नळीवाल्यांनी दारातून डोकावले. नळीवाले म्हणजे तळमजल्यावरचे प्रयोगशास्त्रज्ञ. निर्वात केलेल्या एका लांब पोलादी नळीपुढे त्यांनी उभे आयुष्य घालवले होते.

“कुणाला शिकवताय, बाई?”

“फळ्याला.”

“पास होईल का तो?”

“होईल. हजेरी पूर्ण आहे त्याची.”

नळीवाले हसले, घड्याळाकडे पाहिले आणि गेले. बाईंनी उरलेली बेचाळीस मिनिटे पुरी केली.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना विभागाला पन्नास वर्षे झाली. तळमजल्याच्या मार्गिकेत विभागाच्या कामगिरीची चित्रे चौकटीत लावायची ठरले, आणि त्याचे काम नळीवाल्यांकडे आले. ते स्वतः तिसरा मजला चढून आले. “तुमचं ते ‘तीन’चं पान हवंय,” ते म्हणाले. “दोन्ही वह्यांची पानं शेजारीशेजारी लावू. आमच्या यंत्रांचे फोटो सगळे सारखेच दिसतात. हस्ताक्षर जरा माणसाचं वाटतं.”

बाईंनी कपाटातून दोन्ही वह्या काढल्या आणि चौथ्या फिरवणीची पाने उघडली. शाई फिकी झाली होती. एकतीस वर्षांत त्यांनी ही पाने पुन्हा पाहिली नव्हती. दोन आद्याक्षरे झालेले पान पुन्हा पाहण्याचे कारण नसते. कोणत्या ओळीपासून चित्र सुंदर दिसेल एवढेच त्या पाहत होत्या. आपल्या वहीत सातव्या पानाच्या शेवटच्या ओळीत एका पदामागे ऋणचिन्ह होते. पान उलटून आठव्याची पहिली ओळ पाहिली, तर तेच पद होते आणि चिन्ह नव्हते. ते मागच्या पानावरच राहिले होते.

घाबरावे असे अजून काही झाले नव्हते. चुका होतात, दुसरी वही त्यासाठीच असते. त्यांनी सरांची वही पाहिली. सरांचे अक्षर मोठे. तीच ओळ त्यांच्या वहीत पानाच्या मध्यावर आली होती, तिथे पान उलटण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तिथे ते ऋणचिन्ह नव्हते. वरच्या ओळीत होते, खालच्या ओळीत नव्हते.

स्वतंत्रपणे गणित करणारी दोन माणसे दोन ठिकाणी चुकतात. एकाच ओळीत, एकाच पदाचे, एकच चिन्ह दोघांकडून गळत नाही. त्या आठवड्यात सरांनी गणना केली नव्हती. बाईंच्या वहीतून उतरवून घेतली होती.

बाईंनी गणना पहिल्या ओळीपासून पुन्हा केली. मग एक दिवस मध्ये जाऊ दिला आणि निराळ्या पद्धतीने केली. दोन्ही वेळा एकच निघाले: चौथ्या फिरवणीत नऊ बिंदू जागचे हलत नव्हते. तसे असताना सरळ भागाकार करता येत नाही; त्या बिंदूंपाशी घडी फाटते आणि तिला ठिगळ लावावे लागते. ठिगळ लावून पूर्णांक काढला तर तो दोन आला. दोनाचे निम्मे एक. ज्या विश्वावर त्यांना नेमणूक मिळाली होती त्यात कणांचे एकच कुटुंब होते.

चूक कुणालाही सापडली नव्हती, आणि सापडणारही नव्हती. ती घडी आता कुणी वापरत नव्हते. प्रयोगाने पकडावी म्हटले तर प्रयोग शक्य नव्हता. हे जाणणारी व्यक्ती पृथ्वीवर एकच होती, आणि तिने दोन्ही वह्या कपाटात परत ठेवल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन येई. त्या एका फोनखेरीज बाईंच्या घरातला फोन सहसा वाजत नसे. त्या रविवारी बाईंनी तिला सारे सांगितले.

“ताई, तुझी ती भानगड जगात किती लोकांना कळते गं?”

“असतील चाळीसेक.”

“त्यातले जिवंत किती?”

“तीसेक असतील.”

“आणि त्यांना काय फरक पडणार आहे?”

“काही नाही.”

“मग झालं तर! कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? रिटायर हो, माझ्याकडे ये महिनाभर. तुझ्या त्या दहा मित्या घेऊन ये हवं तर, मागच्या खोलीत मावतील.”

“दहापैकी सहा दुमडलेल्या असतात,” बाई म्हणाल्या. “जागेची अडचण नाही व्हायची.”

बहीण हसली. 

नळीवाल्यांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. नळीवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

“मीही चुकतो, बाई. पण माझं चुकलं की सृष्टी लगेच थोबाडीत देते. गळती होते, सुई हलत नाही, आठवडाभर सगळे माझ्याकडे बघून हसतात. तुम्हाला कोण देणार?”

“कुणी नाही. तेच तर अवघड आहे.”

“नुसतं चिन्ह राहिलं म्हणून कळवा की. सरांचं कशाला काढता?”

“निबंधात लिहिलंय, दोघांनी स्वतंत्रपणे केलं म्हणून. चिन्ह दुरुस्त केलं आणि ते वाक्य तसंच ठेवलं, तर एक चूक काढून दुसरी राखल्यासारखं होईल. आणि ही दुसरी चूक नाही म्हणता येणार, आता मला ठाऊक आहे.”

“भिंतीवर मग काय लावू मी?”

“तुमच्या नळीचा फोटो लावा.”

“तो माझ्या घरचेसुद्धा लावत नाहीत हो,” नळीवाले म्हणाले, आणि यावेळी दोघांपैकी कुणीच हसले नाही.

चिन्हाची लाज बाईंना फारशी वाटत नव्हती. त्यांचा हात अडला होता सरांपाशी, आणि सरांच्या पत्नीपाशी. त्यांना बाई काकू म्हणत. काकूंचे घर हेच बाईंचे एकमेव जाण्यायेण्याचे घर. दर पंधरवड्याला एक दुपार त्या तिथे घालवीत. सतरा दिवस त्यांनी काही लिहिले नाही. अठराव्या दिवशी त्या काकूंकडे गेल्या.

काकू चौऱ्याऐंशीच्या होत्या. खिडकीशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत लावत होत्या.

“ये गं. आज गुरुवार ना? फळ्याची शिकवणी बुडवलीस वाटतं.” विभागातल्या थट्टा त्यांच्यापर्यंत कशा पोचत कोण जाणे.

बाई समोर बसल्या. “काकू, तुमचं ऑपरेशन झालं तो आठवडा आठवतो तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं! डोळे उघडावेत तेव्हा हे उशाशी, मांडीवर दोन वह्या. मी म्हणायची, अहो, घरी जा, पाठ टेका जरा. तर म्हणाले, हिनं फार सुरेख केलंय, तेवढं उतरवून घेतो. मग एके दिवशी माझा हात धरून म्हणाले, ‘तीन आले.’ मला काय कळतंय? पण इतके हसले होते गं. मला वाटलं, माझ्या दुखण्यात यांचं एवढं तरी चांगलं झालं.”

बाईंना जे वह्यांवरून कळले होते ते आता माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाले होते. 

“काकू, ते तीन नव्हते.”

“म्हणजे?”

“माझं चिन्ह चुकलं होतं. सरांनी ते तसंच उतरवून घेतलं. एक आहे, तीन नाही.”

काकूंच्या हातातली गोळी हातातच राहिली. त्यांनी ती कोणत्या कप्प्यात टाकायची हे दोनदा पाहिले आणि मग डबीच मिटली.

“मग आता गं?”

“मला छापून कळवावं लागेल. चूक माझी, हे लिहीन. पण ती गणना दोघांनी वेगवेगळी केली नव्हती, हेही लिहावं लागेल.”

“उशाशी बसून लिहिलं, हे लिहिशील?”

“तसं लिहायला तिथे जागा नसते, काकू.”

“म्हणजे नुसतं केलं नाही, एवढंच राहणार.”

“हो.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले. काकू म्हणाल्या, “ते असते तर त्यांनीच लिहिलं असतं. आधी आठ दिवस माझ्यावर चिडचिड केली असती, मग लिहिलं असतं. लिही तू.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक विचारले: “पण तेव्हा हसले ते तरी खरं ना?”

“ते खरं होतं,” बाई म्हणाल्या.

एरवी काकू जिन्यापर्यंत पोचवायला येत. त्या दिवशी त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

दुरुस्ती दोन पानांची झाली. पहिल्या परिच्छेदात चूक, दुसऱ्यात नवी गणना, तिसऱ्यात निष्कर्ष, आणि शेवटी हे वाक्य: ‘चौथ्या फिरवणीची मूळ गणना दुसऱ्या लेखिकेची असून तीतील चूक तिची आहे, ती गणना स्वतंत्रपणे पडताळली गेली नव्हती, आणि तसा मूळ निबंधातील उल्लेख मागे घेण्यात येत आहे.’ हे एक वाक्य बाईंनी अकरा वेळा लिहिले. प्रत्येक खेपेस सरांसाठी एखादा शब्द घालून पाहिला आणि काढला.

नियतकालिकाचे उत्तर पाच महिन्यांनी आले. संपादकांनी दिलगिरीने कळवले होते की परीक्षक मिळत नाहीत: एकाने विषय सोडला आहे, दुसऱ्यांचे निधन झाले आहे, तिसऱ्यांचे उत्तर नाही, तेव्हा मजकूर परीक्षणाविना छापत आहोत. दुरुस्ती तपासायलाही दुसरी वही मिळाली नाही.

ती छापून आल्यावर बाई पत्रांची वाट पाहू लागल्या. कौतुकाची त्यांना अपेक्षा नव्हती. पण निदान कुणी रागावेल, इतकी वर्षे आम्हाला चुकीच्या वाटेने नेलेत म्हणून खडसावेल, असे त्यांना वाटत होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या टपालाचा कप्पा दिवसातून दोनदा पाहत. कुणाचेही पत्र आले नाही. चुकीला जगाने जसे शांतपणे स्वीकारले होते तसेच दुरुस्तीलाही स्वीकारले. आणि बाईंना त्या दिवसांत जे एकटेपण वाटले ते गुरुवारच्या रिकाम्या खुर्च्यांनीही कधी दिले नव्हते.

काकूंकडून निरोप येईनासा झाला. बाई दोनदा गेल्या. दोन्ही वेळा सुनेने दार उघडून सांगितले, “झोपल्यात हो जरा.” दुसऱ्या खेपेला आतून रेडिओचा आवाज येत होता, आणि तो सुनेला ऐकू आला तसा बाईंनाही आला. त्यानंतर बाई गेल्या नाहीत. काकूंनी लिहायला सांगितले होते ते मनापासून. पण मनापासून दिलेल्या गोष्टीचीही पुढे उणीव भासते, हे बाई जाणून होत्या आणि त्यांनी काकूंना मनातसुद्धा दोष दिला नाही.

मार्गिकेतली ती जागा वर्षभर रिकामी होती. मग तिथे आग लागल्यास काय करावे याच्या सूचना लागल्या.

निवृत्तीनंतर बाई नऊ वर्षे जगल्या. दोन खोल्यांच्या घरात त्या रोज सकाळी वही घेऊन बसत. सिद्धांताला त्यांनी कधी वाईट म्हटले नाही. बहिणीने एकदा फोनवर धाडस करून विचारले, “ताई, वाया गेलं का गं सगळं?”  बाई म्हणाल्या, “माहीत नाही. हे टाळायला म्हणून नाही सांगत, खरंच माहीत नाही. गुरुत्वाकर्षण न मागता आलं, हे मला अजून खोटं वाटत नाही. पण माझ्या हयातीत तो सिद्धांत खरा ठरायचा नाही आणि खोटाही ठरायचा नाही. त्या एका घडीत तीन नाहीत, एवढं मात्र ठरलं. ते मी ठरवलं.”

त्या गेल्या तेव्हा बहिणीने घर आवरले. नव्या वह्या सदतीस निघाल्या. त्यांतली प्रत्येक गणना दोनदा केलेली होती, निराळ्या दिवशी, निराळ्या शाईने, आणि दोन्हींखाली आद्याक्षर एकच होते. विभागाला त्या नको होत्या. बहिणीने त्या आपल्याकडे नेल्या.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या नियतकालिकाचा खंड आहे. त्याच्या अखेरीस दुरुस्तीची दोन पाने आहेत. मूळ निबंधाचा उल्लेख वर्षा-दोन वर्षांतून आजही कुणीतरी करतो. दुरुस्तीचा उल्लेख अद्याप कुणी केलेला नाही.